फॅट बाईक हिमावर आणि पायवाटेवर: तयारीपासून परतीपर्यंतचे टप्पे

जाड टायरची सायकल घेऊन पहिल्यांदा हिमावर गेलेली बहुतेक माणसे एकाच अवस्थेत परत येतात: सायकल हाताने ढकलत, आतले कपडे घामाने ओले आणि बोटे बधिर. मग दोष टायरला दिला जातो आणि आणखी रुंद टायरची चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात चूक बहुधा घरातून निघण्यापूर्वीच झालेली असते. हवा उबदार खोलीत मोजलेली असते, कपडे उभे राहूनही थंडी वाजणार नाही अशा बेताने चढवलेले असतात, आणि वाट कोणत्या अवस्थेत आहे हे तिथे पोहोचल्यावरच पाहिले जाते. ही कामे ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने पुढचे टप्पे मांडले आहेत.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. बोलताना आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. येथे मात्र आकाशातून पडून साचलेल्या थराला ‘हिम’ आणि पाणी गोठून झालेल्या टणक थराला ‘बर्फ’ म्हटले आहे. हिमावर चाक रुतते आणि बर्फावर ते घसरते. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवावा.

## टप्पा १: वाट आणि वेळ ठरवणे

सायकल बाहेर काढण्यापूर्वी वाटेवर वीस-तीस पावले चालून पाहावे. यामागे साधा हिशेब आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो ढोबळमानाने त्याच्या आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. ८० किलो वजनाच्या माणसाचा बूट सुमारे २५० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो असे धरले, तर चालताना एका पायाखाली साधारण साडेचार पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, टायरची हवा मोजण्याचे एकक) दाब पडतो. हिमावर फॅट टायरमध्ये आपण साधारण तेवढीच हवा ठेवतो. म्हणजे जिथे बूट घोट्यापर्यंत आत जातो तिथे टायरही आत जाणार, आणि जिथे बुटाचा फक्त ठसा उमटतो तिथे सायकल चालणार. वाटेची इतकी स्वस्त आणि इतकी खरी परीक्षा दुसरी नाही. तरीही ती करणारे थोडेच.

हिमाच्या अवस्था अनेक असतात, पण चालवणाऱ्याला चार ओळखता आल्या तरी पुरे. यंत्राने किंवा पावलांनी दाबून रात्रभर गोठलेले हिम सर्वांत चांगले. त्यावर सायकल जवळजवळ मातीच्या वाटेसारखी पळते. नुकतेच पडलेले कोरडे, हलके हिम थोडे असेल तर त्रास देत नाही, कारण टायर ते बाजूला सारून खालच्या घट्ट थरावर टेकतो. वर कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत असे हिम फसवे असते, कारण ते वीस मीटर तोलून धरते आणि एकविसाव्या मीटरला पुढचे चाक गिळते. चौथे म्हणजे दुपारच्या उन्हाने पाणावलेले हिम. त्यावर जाऊच नये.

यावरून वेळ आपोआप ठरते. रात्री थंडी पडून गेलेली पहाट आणि सकाळ उत्तम. यंत्राने नुकत्याच दाबलेल्या वाटेवर लगेच चाक घालू नये. ती बसायला काही तास लागतात आणि त्या अवधीत पडलेली चाकोरी गोठून पुढे कित्येक दिवस सर्वांना छळते.

मातीच्या पायवाटांना हाच नियम उलट्या कारणाने लागू पडतो. हिवाळा सरताना वरचा दोन बोटांचा थर वितळून चिखल होतो आणि खालची जमीन गोठलेलीच राहते, त्यामुळे पाणी मुरायला जागा नसते. अशा वाटेवरून गेलेले चाक खोल चर पाडते. गोठलेली असताना जावे किंवा पूर्ण सुकल्यावर जावे. मधल्या दिवसांत घरी बसावे.

सावधान: डोंगराळ भागात वाट सपाट असली तरी तिच्या वरचा उतार पाहावा. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि खालच्या सपाट वाटेपर्यंत येतात. जिथे हिमस्खलनाचा दैनंदिन इशारा प्रसिद्ध होतो तिथे तो वाचल्याशिवाय निघू नये.

सावधान: गोठलेल्या तळ्यावर जायचे असेल तर पारदर्शक, टणक बर्फाची जाडी किमान १० सेंटिमीटर आहे याची प्रत्यक्ष खात्री हवी. पांढरट, हिममिश्रित बर्फ साधारण निम्माच मजबूत असतो, म्हणून तिथे दुप्पट जाडी धरावी. वाहत्या पाण्यावरचा बर्फ जागोजागी पातळ असतो. नदी टाळलेली बरी.

## टप्पा २: सायकल थंडीसाठी तयार करणे

टायर किमान ३.८ इंच रुंद हवा. भुसभुशीत हिमावर ४.५ इंचांच्या पुढचा टायर खरोखर उपयोगी पडतो. मात्र रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याचा माथा गोल राहतो आणि दाब कमी केल्यावर कडा डुगडुगतात. टायर आणि रिम ही जोडी म्हणूनच पाहावी.

ट्यूबलेस (म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर) की ट्यूब हा वाद इथे लवकर मिटतो. फॅट बाईकची ट्यूब वजनदार असते, शिवाय अतिकमी दाबात टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळाशी ताणून फाटतो. ट्यूबलेसमध्ये हा धोका नाही, पण सीलंट, म्हणजे बारीक छिद्रे बुजवण्यासाठी टायरमध्ये घातलेला द्रव, थंडीत घट्ट होतो, म्हणून कमी तापमानासाठी बनवलेला सीलंट घालावा आणि मोसमाच्या सुरुवातीला तो सुकलेला नाही ना हे उघडून पाहावे. ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब सोबत असावीच. थंडीत पॅच चिकटवण्याचा प्रयत्न करून पाहिलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही.

ब्रेकची परीक्षा थंडीतच होते. खनिज तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक कडाक्याच्या थंडीत सुस्त होतात आणि लिव्हर सोडल्यावर उशिरा मागे येतात. फार थंड प्रदेशात तारेचे डिस्क ब्रेक पसंत केले जातात ते याचसाठी. सायकल रात्रभर बाहेर ठेवून सकाळी लिव्हर दाबून पाहिली की आपले ब्रेक कोणत्या गटात मोडतात ते समजते. त्याच वेळी मागचे चाक उचलून पेडल फिरवावे. हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, जाड ग्रीस गोठले असेल तर फ्रीहबचे (पेडल थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या भागाचे) दात नीट पकडत नाहीत, पेडल एकदम मोकळे फिरते आणि चढावर हे घडले तर माणूस दांडीवर आपटतो. असा हब उघडून त्यात थंडीसाठीचे पातळ वंगण भरून घ्यावे.

पुढच्या चाकाला धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क असेल तर त्यातले तेलही घट्ट होणार, हे गृहीत धरावे. हिमावर त्याची उणीव भासत नाही. बहुतेक काम टायरच करतो.

खिळे लावलेल्या टायरबद्दल गैरसमज फार आहेत. टंगस्टन कार्बाइडचे हे खिळे टणक बर्फासाठी असतात. भुसभुशीत हिमात त्यांचा उपयोग जवळपास शून्य आहे, कारण तिथे खिळ्याला रुतायला कठीण पृष्ठभागच मिळत नाही. तुमच्या वाटेवर गोठलेले ओहोळ, झिरपून जमलेले बर्फाचे पट्टे किंवा तळी असतील तरच ते घ्यावेत. नवे टायर आधी ४०-५० किलोमीटर कठीण रस्त्यावर, जोराचा ब्रेक आणि झटक्याचे पेडल टाळून चालवावेत म्हणजे खिळे आपापल्या जागी घट्ट बसतात. हे न केल्यास खिळे लवकर गळतात आणि दोष विकणाऱ्याला दिला जातो.

सीट नेहमीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली घ्यावी. पाय वारंवार टेकवावा लागतो, आणि टेकवलेला पायही काही सेंटिमीटर आत जातो.

तपासणी: सायकल किमान दोन तास बाहेर थंडीत ठेवा. नंतर ब्रेक, सर्व गिअर आणि फ्रीहब हातमोजे घालूनच तपासा. हातमोजे घालून जे काम जमत नाही ते वाटेतही जमणार नाही.

## टप्पा ३: हवा

या लेखातला एकच टप्पा वाचायचा असेल तर हा वाचावा.

नेहमीच्या उभ्या पंपावरचा काटा १०० पीएसआयच्या पुढपर्यंतचा असतो आणि तळाच्या दहा पीएसआयमध्ये तो जवळपास अंदाजच सांगतो. मी स्वतः पहिला हिवाळाभर त्यावर विश्वास ठेवून ‘सहा’ भरत होतो. वेगळा गेज लावला तेव्हा ते नऊच्या आसपास निघाले. ० ते १५ पीएसआयपर्यंतच मोजणारा गेज घ्यावा. पाच पीएसआयच्या टायरमध्ये अर्ध्या पीएसआयचा फरक म्हणजे दहा टक्के. तो चालवताना स्पष्ट जाणवतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. खोलीत २० अंश सेल्सिअसला ६ पीएसआय भरलेला टायर बाहेर उणे १५ अंशांना थंड झाला की त्यात सुमारे साडेतीन उरतात. कारण आकसतो तो हवेचा एकूण दाब, म्हणजे वातावरणाचे साधारण १४.७ अधिक आपण भरलेले ६. त्या बेरजेचा बारा टक्के भाग गेला की नुकसान सगळे आपल्या सहामधूनच वजा होते. जास्त हवेच्या टायरमध्ये हा फरक लक्षात येत नाही, इथे मात्र तो फेरी बिघडवतो.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. वर चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे बंद टायरचा गेजवरचा आकडा वाढतो. दर हजार मीटरला साधारण दीड पीएसआय. सायकल गाडीवर टाकून दोन हजार मीटर वर गेलात तर खाली पाचवर ठेवलेला टायर वर आठच्या आसपास दिसेल. थंडी आकडा खाली ओढते आणि उंची तो वर नेते, म्हणून घरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

यातून निघणारा क्रम असा:

१. घरी गरजेपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा.
२. वाटेच्या तोंडाशी पोहोचल्यावर सायकल उतरवून वीस मिनिटे बाहेर उभी करा. कपडे आणि सामान लावण्याचे काम तोवर करा.
३. व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या बाजूला आणा म्हणजे सीलंट त्यात शिरणार नाही, आणि गेजने मोजा.
४. जास्तीची हवा सोडा. आधी पुढचे चाक, मग मागचे. मागच्यात अर्धा ते एक पीएसआय जास्त ठेवा, कारण वजन तिथे अधिक असते.
५. शंभर मीटर चालवून पाहा आणि मगच पुढे निघा.

सुरुवातीसाठी आकडे देतो. ७५-८० किलोचा चालक आणि ४ ते ४.८ इंचांचे टायर धरले आहेत. वजन जास्त असेल तर थोडे वाढवावे, कमी असेल तर घटवावे. घट्ट दाबलेल्या हिमावर ५ ते ८. भुसभुशीत किंवा ताज्या हिमावर ३ ते ५, आणि फारच मऊ असेल तर २ पर्यंत. कोरड्या वाळूत साधारण ४ ते ६. मातीच्या पायवाटेवर ८ ते १२. दगडी किंवा टणक रस्त्यावर १२ ते १५.

आकडा बरोबर आहे की नाही हे टायर पाहूनही कळते. सायकलवर बसून दुसऱ्याला मागच्या टायरची बाजू पाहायला सांगावी. भुसभुशीत हिमासाठी बाजूवर बारीक सुरकुत्या दिसायला हव्यात. घट्ट हिमावर त्या नसाव्यात, पण टायर खाली स्पष्ट पसरलेला असावा. मातीवर टायरचा तळ किंचित चपटा झाला तरी पुरे.

नेहमीची चूक: रुतल्यावर जोर लावत राहणे आणि थकल्यावर हवा सोडणे. वाट मऊ लागली हे पहिल्या मिनिटात जाणवते. तेव्हाच थांबून एक पीएसआय कमी करावा. व्हॉल्व्ह दहा सेकंद दाबला की आपल्या टायरमधून किती हवा जाते हे घरी एकदा मोजून ठेवले, तर प्रत्येक वेळी गेज काढावा लागत नाही. मात्र थोडी थोडीच सोडावी. छोट्या हातपंपाने एवढ्या मोठ्या टायरमध्ये एक पीएसआय परत भरणे हे दम काढणारे काम आहे.

## टप्पा ४: कपडे, हात, पाय, पाणी

थंडीपेक्षा घाम घातक. हिमावर सायकल चालवणे म्हणजे कमी वेगात जास्त कष्ट; शरीर तापते, पण वारा कमी लागतो, आणि थांबलात की ओले कपडे उष्णता ओढून घेतात. म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच घालावे. पहिल्या दहा मिनिटांत कुडकुडलात तर हिशेब बरोबर आहे. निघतानाच ऊब वाटत असेल तर एक थर पिशवीत टाकावा. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा, सुती नको. त्यावर उबेचा पातळ थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट, ज्याची चेन चालवताना एका हाताने उघडता यायला हवी. जाड, पिसांचे जाकीट अंगात न घालता पिशवीत ठेवावे. ते थांबल्यावर घालायचे असते.

उताराचा वेगळा विचार करावा. उणे १० अंशांना ताशी २० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या त्वचेला ते उणे १८ सारखे भासते. चढ संपल्यावर, उतार सुरू होण्याआधी, जाकिटाची चेन बंद करून कान झाकणे ही सवयच व्हायला हवी.

हातांसाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे हँडलवर बसणारे मोठे कव्हर, ज्याला पोगी म्हणतात. त्यात पातळ हातमोजे पुरतात आणि ब्रेक-गिअर नीट हाताळता येतात. पायांबाबत लोक हमखास चुकतात ते असे: नेहमीच्या बुटात दोन जाड मोजे कोंबतात. पाय आवळला जातो, रक्त कमी पोहोचते आणि बोटे अधिक लवकर गार पडतात. अर्धा-एक नंबर मोठा बूट, एक लोकरी मोजा आणि आत बोटे हलवायला जागा, ही व्यवस्था बरी. पेडल रुंद आणि सपाट असावे. क्लीटचे, म्हणजे बूट पेडलात अडकवण्यासाठी तळाला लावलेल्या पट्टीचे, लोखंड तळव्यातून उष्णता पळवते, शिवाय त्यात हिम भरले की बूट पेडलात अडकतच नाही.

पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतले पाणी पिशवीत परत ढकलावे, नाहीतर थर्मासच वापरावा. साधी बाटली असेल तर कोमट पाणी भरून ती उलटी ठेवावी, कारण बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि उलट्या बाटलीत तोंड मोकळे राहते. फोन आणि दिव्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगालगत ठेवावी.

तपासणी: दर अर्ध्या तासाने पायाची बोटे हलवून पाहा. दुखणे थांबून बधिरपणा आला तर ते सुधारणेचे लक्षण समजू नये. त्वचा पांढरट, मेणासारखी दिसू लागली तर ती चोळू नये, हिमाने तर मुळीच नाही; आडोशाला जाऊन अंगाच्या उबेने गरम करावी आणि परत फिरावे. सोबतचा माणूस अडखळत बोलू लागला, हाताने साधे काम त्याला जमेना, तर फेरी तिथेच संपली.

## टप्पा ५: निघणे

भुसभुशीत हिमात उभ्या जागेवरून सुटणे हेच नवख्याला अवघड जाते. तो पेडलवर उभा राहून जोर देतो, मागचे चाक जागीच फिरते आणि स्वतःसाठी खड्डा खणते. त्याऐवजी थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाकून ठेवावा, शक्य तर थोड्या उतरत्या बाजूला तोंड करावे, पायाने दाबून चाकापुढची फूटभर वाट घट्ट करावी आणि सीटवर बसून, एक पाय टेकलेला असतानाच, दुसऱ्याने सावकाश पेडल दाबावे. चाक अर्धा फेरा फिरल्यावर दुसरा पाय उचलावा. ब्रेक सोडायला उशीर झाला तर पहिला फेरा वाया जातो, ही बारीक चूकही फार होते.

## टप्पा ६: चालवताना

हिमावरचे सगळे कौशल्य एका वाक्यात मावते: जे करायचे ते थोडे, लवकर आणि सलग. कडक रस्त्यावर झटक्याने केलेली चूक झटक्याने सुधारता येते; हिमावर दुसरा झटका पहिल्याची भर घालतो.

नजर दहा-पंधरा मीटर पुढे असावी. पुढचे चाक सतत इकडेतिकडे भरकटते, आणि त्याला दरवेळी घट्ट धरून सरळ करू पाहणारा माणूस पाच मिनिटांत खांदे दुखवून घेतो. हँडल सैल धरावे, चाकाला थोडे भटकू द्यावे. पेडल चालू असेल तर ते बहुधा स्वतःच वाटेवर येते. पेडल बंद केल्यावर मात्र तोल जातो, म्हणून मऊ जागी वेग कमी झाला तरी फेरे तोडू नयेत.

चढावर बसून राहावे. कंबर किंचित पुढे, छाती खाली, पण वजन मागच्या चाकावर. उभे राहिलात की मागचे चाक हलके होऊन घसरते. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. चाक घसरू लागले तर जोर वाढवू नये. उलट किंचित कमी करून पकड परत येऊ द्यावी.

वळणावर सायकल आडवी झोपवू नये. वेग आधी कमी करून, अंग सरळ ठेवून, मोठ्या कमानीने वळावे. पुढचे चाक बाहेर निसटते ते बहुतेकदा चालक घाबरून मागे सरकतो आणि पुढे वजनच उरत नाही म्हणून. घट्ट हिमावर वळताना हातांवर थोडे वजन हवे. भुसभुशीत हिमात सरळ जाताना मात्र वजन मागे हवे, नाहीतर पुढचे चाक नांगरासारखे आत शिरते. दोन अवस्थांत दोन उलट सवयी लागतात, आणि हे अंगवळणी पडायला काही फेऱ्या जाव्या लागतात.

ब्रेक सरळ रेषेत असताना, आधी मागचा आणि मग हलकेच पुढचा असा लावावा. लांब उतारावर एकसारखा दाबून धरण्यापेक्षा थोडा-थोडा लावत वेग आधीपासूनच ताब्यात ठेवावा. ओले हिम असेल तर मधूनमधून उगाच ब्रेक लावून डिस्कवर जमणारे पाणी पुसून काढावे, आणि दर काही मिनिटांनी दोन-तीन गिअर खालीवर करावेत, नाहीतर मागच्या दातेरी चक्रांत हिम दाबून बसते आणि चेन घसरू लागते.

अचानक टणक बर्फाचा पट्टा आला आणि टायरला खिळे नसतील तर काहीच करू नये, हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो. ब्रेक नाही, वळण नाही, जोराचे पेडल नाही. सायकल सरळ ठेवून तिला पलीकडे जाऊ द्यावे. पडणारच असाल तर हात पुढे टेकवू नका, मनगट मोडते.

सावधान: दाबलेल्या वाटेच्या कडेबाहेर पाय टेकवताना जपून. वाट घट्ट असते, पण तिच्या बाजूला हिम कमरेएवढे खोल असू शकते. थांबायचे असेल तर पाय वाटेच्या मधल्या बाजूला टेकवावा.

## टप्पा ७: रुतल्यावर

थांबा आणि उतरा. सायकल उचलून चाकोरीबाहेर, घट्ट जागी ठेवा. एक पीएसआय कमी करा, टप्पा ५ प्रमाणे पुन्हा निघा. दोनशे मीटरमध्ये तीनदा रुतलात तर त्या दिवशीचे हिम तुमच्या टायरच्या आवाक्याबाहेर आहे असे समजून मागे फिरा. ढकलत पुढे जाण्याचा निर्णय घ्यायचा असेल तर परतीचे अंतरही ढकलावे लागेल हे धरूनच घ्यावा.

मागे वळून आपली चाकोरीही पाहावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे इंचापेक्षा, खोल पडत असेल किंवा सायकल सरळ रेषेत ठेवणे जमत नसेल, तर दाब जास्त आहे किंवा हिम मऊ आहे. दाब कमी करूनही तेच चालू राहिले तर त्या वाटेवर पुढे चालवत राहणे हा इतरांवर अन्याय आहे. स्कीसाठी कोरलेल्या दोन समांतर खाचांमध्ये चाक कधीही घालू नये, आणि मुळात त्या वाटेवर सायकलला परवानगी आहे का हे आधी विचारावे. स्की करणाऱ्यांना ब्रेक नसतात, म्हणून बाजूला व्हायचे ते आपण. स्नोमोबाईलच्या (हिमावर धावणाऱ्या मोटारवाहनाच्या) वाटेवर दिवसाही पुढे-मागे दिवे लावावेत आणि यंत्राचा आवाज आला की कडेला उतरून थांबावे.

## टप्पा ८: तीच सायकल मातीच्या वाटेवर

हिमावरून थेट मातीवर येणारे लोक हवा वाढवायला विसरतात. पाच पीएसआयचा टायर टणक जमिनीवर स्वतःच्या मनाने वळू लागतो, हँडल जड होते आणि दगडावर रिम आपटून वाकते. दुसरीकडे पंधरा भरले तर टायर चेंडूसारखा उसळतो. त्यात हवा भरपूर असली तरी तिला उसळी शमवणारा शॉक नसतो. खडबडीत उतारावर ही उसळी ठेक्यात आली की माणूस सीटवरून फेकला जातो. आठपासून सुरुवात करून अर्ध्या-अर्ध्या पीएसआयने वाढवावे, आणि रिम एकदाही आपटली नाही व वळणावर टायर डुगडुगला नाही, तिथे थांबावे.

मुळे आणि दगड यांवर जाड टायर जे माफ करतो त्यामुळे वेग नकळत वाढतो. टायर आणि चाक जड असल्याने ते थांबायलाही वेळ घेतात, त्यामुळे ब्रेकचे अंतर नेहमीच्या सायकलपेक्षा जास्त धरावे. चिखल टाळण्याचे कारण टप्पा १ मध्ये आले आहे. येथे एवढेच जोडतो की रुंद टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल साठला तर चाक फिरेनासे होते.

## टप्पा ९: परत आल्यावर

सायकल उबदार खोलीत आणण्यापूर्वी बाहेरच मऊ ब्रशने हिम झाडावे. आत आणल्यावर उरलेले वितळून पाणी केबलच्या आवरणात, हबमध्ये आणि फ्रेमच्या आत जाते, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेले की तेथेच गोठते. म्हणून एकदा आत आणली तर पूर्ण सुकू द्यावी, सीट तिच्या दांडीसह काढून फ्रेम उलटी धरून पाणी निथळू द्यावे. रस्त्यावर मीठ टाकलेले असेल तर थोड्या कोमट पाण्याने चेन, ब्रेक आणि नटबोल्ट धुवावेत. जोराची पाण्याची धार हबवर मारू नये. चेन पुसून, सुकवून मगच वंगण लावावे. कोरड्या, कडक थंडीत हलके वंगण चालते, पाणावलेल्या हिमात घट्ट लागते. बॅटऱ्या गार असताना चार्जिंगला लावू नयेत; लिथियम बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज केल्यास खराब होते.

सर्वांत शेवटी एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तापमान, हिमाची अवस्था, पुढच्या-मागच्या टायरचा निघतानाचा दाब आणि वाटेत तो किती बदलावा लागला. दहा-बारा फेऱ्यांच्या नोंदी झाल्या की वर दिलेले आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या वजनाचे, स्वतःच्या टायरचे आकडे वापरता येतात.